कोणतं वजन?

प्रोग्रॅमिंग मी हिंगोलीत शिकलो, दोन माणसांकडून. त्यातल्या एकानं उभ्या आयुष्यात कीबोर्डला बोट लावलं नव्हतं. तो मोंढ्यातल्या एका अडतीवर मुनीम होता. दुसरे आमचे सर. दोघांचीही नावं इथे देत नाही. सरांना छापील कौतुकाचा तिटकारा आहे, आणि मुनीमजींना विचारायची सोय आता राहिलेली नाही. लेख नावांबद्दलचा आणि त्यातली मुख्य नावंच गाळलेली, याची गंमत मला कळते. पण मोंढ्यात 'मुनीमजी' आणि आमच्या गल्लीत 'सर' अशी हाक मारली की ओ कोण देणार याबद्दल कोणाला शंका नसे. गल्लीबाहेर त्याच हाकेला शंभर माणसं वळली असती. हा फरक काय आहे, हेही मला त्या दोघांनीच पुढे समजावलं.

परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, कचेऱ्यांसमोर झेरॉक्सची दुकानं आणि दुकानांच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास. टायपिंगच्या इन्स्टिट्यूटांनी एका रात्रीत पाट्या बदलल्या. एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रासाठी पोरांची रांग लागायची. सरांकडे मात्र 'सी' शिकायला येणारे आम्ही मोजकेच: कोणी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं, कोणी नुसतंच हौशी. कळमनुरीहून, सेनगावहून एसटीनं येणारी पोरं होती. सगळी मराठी माध्यमाची. निळ्या पडद्याचं टर्बो सी, जुनी मशिनं, आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'च्या पानं सुटलेल्या दोन प्रती, ज्या क्लासभर फिरायच्या.

फीचा हिशोब सर एका वहीत ठेवत. 'केव्हा देणार' या रकान्यात तारीख नसायची. पिकाचं नाव असायचं. माझ्या नावापुढे 'हळद' लिहिलेलं होतं. हळद काढून, शिजवून, वाळवून, घोळून मोंढ्यात जाईपर्यंत होळी उलटून जाते, म्हणजे जूनमध्ये सुरू केलेल्या क्लासची फी पुढच्या उन्हाळ्यात. काहींच्या नावापुढे 'सोयाबीन' होतं, एकीच्या पुढे 'भावाचा पगार'. एका वर्षी भाव पडला तेव्हा माझ्या ओळीतला 'हळद' हा शब्द सरांनी खोडला नाही, फक्त त्यापुढे 'पुढची' असं जोडलं. त्याबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

आता मुद्द्याचं. प्रोग्रॅममध्ये एखादी किंमत साठवायची तर तिला नाव द्यावं लागतं. त्याला व्हेरिएबल, मराठीत चल, म्हणतात. शिकणारा माणूस सगळ्यात जास्त हलगर्जीपणा करतो तो इथे, कारण मशीनला नावाचं सोयरसुतक नसतं. तुम्ही 'ए' म्हणा की 'निव्वळ वजन' म्हणा, बेरीज तीच येते. आमच्या बॅचचे सगळे प्रोग्रॅम ए, बी, सी, एक्स, वाय यांनी भरलेले असत, आणि त्याला कारणं होती. पुस्तकातली छोटी उदाहरणं तशीच असतात. गणितात दहावीपर्यंत एक्स-वायचंच राज्य. टायपिंग आम्हाला येत नव्हतं, एकेक अक्षर शोधून दाबायचं, तेव्हा जितकं आखूड नाव तितकी सुटका. शिवाय प्रॅक्टिकलचं जर्नल हातानं लिहायचं. पेनाची शाई वाचते हेही खरंच. त्या जर्नलांत छोटा 'एल' आणि एक, मोठा 'ओ' आणि शून्य यांचा असा गोंधळ व्हायचा की लिहिणाऱ्यालाही ओळखू येत नसे. पायथन भाषेच्या अधिकृत लेखनशैलीत या दोन अक्षरांची एकाक्षरी नावं देऊ नका असं स्पष्ट लिहून ठेवलंय. आमच्या सरांनी ती शैली वाचलेली असणं शक्य नव्हतं. त्यांनी जर्नलं तपासली होती, तेवढं पुरे होतं.

सरांची एक रीत होती. प्रोग्रॅम चालला, उत्तर बरोबर आलं, की बाकीचे क्लासवाले पुढचा धडा घेत. सर मात्र तो प्रोग्रॅम दुसऱ्याच पोराच्या हातात देत आणि म्हणत, "मोठ्यानं वाच. मराठीत."

"डी बरोबर ए वजा बी, गुणिले सी."

"बी म्हणजे काय?"

"बी म्हणजे… दर असंल, सर."

"असंल? तू प्रोग्रॅम वाचायलास का भविष्य सांगायलास?"

वाचणारा अडला की लिहिणाऱ्यानं नाव बदलायचं. नियम एवढाच. वाचणारा मठ्ठ आहे ही सबब चालत नसे. उलट सर मुद्दाम बॅचमधला सगळ्यात गोंधळलेला वाचक निवडत. लिहिणाऱ्याला तोंड उघडायची मनाई. त्यामुळे 'टेम्प', 'टेम्प१', 'फायनल', 'फायनलन्यू' अशी नावं दोन आठवड्यांत आपोआप गळाली, कारण ती वाचताना पोरं हसायची आणि हसू आपल्यावर आलं की सुधारणा फार लवकर होते.

मग आम्ही मराठी नावांकडे वळलो, रोमन लिपीत लिहिलेल्या. तिथे वेगळाच खड्डा होता. मोजणी करणाऱ्या एका मुलानं चार चलांना एक, दोन, तीन, चार अशी नावं दिली आणि प्रोग्रॅम काही केल्या चालेना. 'चार' रोमनमध्ये लिहिलं की 'सी'चा राखीव शब्द होतो. अक्षर साठवायच्या प्रकाराला 'सी'त तेच म्हणतात. पहिल्या प्रमाण 'सी'त असे ३२ राखीव शब्द. त्यांच्यात 'ऑटो' आहे, म्हणून रिक्षाभाड्याचा प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी अडकली. 'रजिस्टर' आहे, म्हणून हजेरीचा प्रोग्रॅम अडला. येणारी एरर या शब्दांबद्दल सरळ काही सांगत नसे, भलतंच बोलत असे, त्यामुळे पोरगं अर्धा दिवस अर्धविराम शोधत बसायचं. पुढे पायथन आली तेव्हा तिच्यात 'पास' राखीव निघाला आणि 'क्लास'ही. निकालपत्रक करणाऱ्या शाळकरी पोरांचे हे दोन पहिले शब्द! पायथनचं आणखी एक कपट असं की 'सम', 'मॅक्स', 'लिस्ट' हे राखीव नाहीत. ही नावं ती खुशाल घेऊ देते, आणि मग बेरीज करणारं तिचं स्वतःचं 'सम' त्या प्रोग्रॅमपुरतं नाहीसं होतं. वीस ओळी खाली कुठेतरी चूक उघडी पडते तेव्हा वर काय केलं होतं ते आठवत नसतं.

स्पेलिंगचं दुखणं याहून जुनं. 'भाव' लिहिताना कोणी एक 'ए' घाली, कोणी दोन. 'वजन' कोणी 'व्ही'नं सुरू करी, कोणी 'डब्ल्यू'नं. देवनागरीत ज्याचं एकच लेखन, त्याची रोमनमध्ये चार होतात. त्यात आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे पहिलं अक्षर कॅपिटल झालं तर काय बिघडलं, असं आम्हाला मनापासून वाटे. 'सी'त बिघडतं. सरांनी त्यावर दिलेला दाखला मी आजही वापरतो. ते म्हणाले, "आपला तालुका घ्या. माणसं वसमत म्हणतात, रेल्वेच्या पाटीवर बसमत, कागदोपत्री कुठं वसमतनगर. तुम्ही तिन्ही ऐकून एकाच गावाला जाता. मशीन तीन गावांना जातं, अन् तिथं कोणी भेटलं नाही तर रिकाम्या हातानं परत येतं."

'सी' त्या मानानं बरी. जे नाव आधी जाहीर केलं नाही ते दिसलं की ती थांबते. सर कॉलेजात फोरट्रान शिकलेले. १९५७ साली आलेल्या त्या भाषेत नाव जाहीर न करता वापरता येई, आणि ते 'आय'पासून 'एन'पर्यंतच्या अक्षरांनी सुरू झालं तर भाषा आपणहून त्याला पूर्णांक ठरवून टाकी. हा घोळ बंद करायची सोय प्रमाण फोरट्रानमध्ये १९९० च्या आवृत्तीत आली. पायथनमध्ये आजही बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे स्पेलिंग चुकलं की ती नवंच चल जन्माला घालते, निमूटपणे. बेरीज त्या नव्या चलात जाते आणि जुनं शून्यच राहतं. पडद्यावर एरर नाही, कुरकुर नाही. उत्तर तेवढं शून्य.

पण ह्या सगळ्या डोळ्यांना दिसणाऱ्या चुका. खरी चूक मोंढ्यात सापडली.

वर्षाच्या शेवटी सरांनी प्रोजेक्ट सांगितला. "लायब्ररी मॅनेजमेंट कोणी आणू नका. घरात जे चालतं ते आणा." आम्ही पाच जणांनी हळदीची पट्टी घेतली. ज्यांना मोंढा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेतकऱ्याचा माल अडतीवर येतो, लिलावात भाव ठरतो, पोती काट्यावर चढतात, पोत्यांचं स्वतःचं वजन, म्हणजे बारदाना, वजा होतो, हमाली-तोलाई वजा होते आणि उरलेली रक्कम ज्या कागदावर मांडून हाती पडते तो कागद म्हणजे पट्टी. आम्ही कामं वाटून घेतली. एकीनं वजनाचा भाग लिहिला, एकानं रकमेचा, एकानं छपाईचा. सगळ्यांच्या भागात एक नाव समान होतं: 'वजन'. तेवढं तरी सारखं आहे याचं आम्हाला समाधान होतं.

प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला. सरांनी मोठ्यानं वाचायला लावला, तोही सुरळीत वाचला गेला. कुठे अडखळायला जागाच नव्हती; 'वजन' म्हणजे वजन, 'भाव' म्हणजे भाव. सर म्हणाले, "मोंढ्यात जाऊन एखाद्या खऱ्या पट्टीशी ताडून बघा." आमची हळद ज्या अडतीवर जायची तिथे आम्ही डॉट मॅट्रिक्सचे कागद घेऊन गेलो.

मुनीमजी गादीवर बसलेले. धोतर, कानामागे पेन, पुढ्यात लांबट लाल वही. त्यांनी कागद उलटा-सुलटा पाहिला. इंग्रजी अक्षरं त्यांना लागत होती, प्रोग्रॅम अर्थातच नाही. बोट एका शब्दावर ठेवून विचारलं, "हे काय?"

"वजन, काका."

"कोणतं वजन?"

"वजन म्हणजे… वजन."

"तसं नसतंय लेकरा. काट्यावरचं का बारदाना जाऊन?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वजनाचा भाग लिहिणारी म्हणाली, बारदाना जाऊन. मी वजा करूनच ठेवलंय. रकमेचा भाग लिहिणारा म्हणाला, नाही नाही, काट्यावरचं. वजा मी करतो. मुनीमजींनी आमच्याच कागदावरचे आकडे घेतले. वीस पोती, काट्यावर १०४० किलो, पोत्यामागे एक किलो बारदाना. निव्वळ यायला हवं १०२०. आमच्या पट्टीवर पैसे लागले होते १००० किलोचे. भाव धरला होता क्विंटलला ३००० रुपये.

"बारदाना दोनदा कापलात तुमी," ते शांतपणे म्हणाले. "सहाशे रुपये. कोणाच्या खिशात गेले म्हणायचे हे?"

मग त्यांनी वही आमच्याकडे फिरवली. तिथे 'वजन' नावाचा रकानाच नव्हता. 'काटा वजन' होता, 'बारदाना' होता, 'निव्वळ' होता. प्रत्येक डोक्यावर कशात मोजलंय ते लिहिलेलं. भावाच्या डोक्यावर 'दर क्विंटल'. हळकुंडाचा भाव वेगळ्या रकान्यात, गड्ड्याचा वेगळ्या. ती वही कित्येक वर्षांपूर्वी त्यांच्या आधीच्या मुनीमानं आखली होती, आणि हे आखणी तशीच उतरवत आले होते, कारण त्यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलेला होता. असं ते स्वतः म्हणाले.

त्यानंतर मी एकटाच तिथे जाऊ लागलो. हंगाम नसला की मुनीमजींना वेळ असे. त्यांना माझ्या प्रोग्रॅममध्ये रस नव्हता, चुकीत होता. एकदा त्यांनी खातेदारांची नावं दाखवली. एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन शेतकरी. बापाचं नावही एक. एक डोंगरकड्याचा, एक कुरुंद्याचा. त्यांच्या नावांपुढे गाव. डोंगरकड्यातच पुन्हा दुसरा निघाला तेव्हा त्याच्यापुढे 'मळ्यातले'. "नुसतं नाव लिवलं तर पैसे दुसऱ्याच्या घरी जातेत," ते म्हणाले. "अन् तो परत आणून देत नाई."

आमच्या मुलखाला ही अक्कल जुनी आहे. जिल्ह्यात एक जवळा बाजार आहे आणि एक जवळा पांचाळ. बाळापूर अकोल्याकडेही आहे, म्हणून आमचं आखाडा बाळापूर. नरसी नांदेड जिल्ह्यात नायगावकडेही आहे. आमची नर्सी नामदेवांची, म्हणून नर्सी नामदेव. हिंगोलीच्या स्टेशनचं नावही रेल्वेनं 'हिंगोली डेक्कन' ठेवलंय. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले आणि त्यांनी लोकल आणि ग्लोबल व्हेरिएबलचा धडा, जो पुस्तकात फार रुक्ष आहे, तो त्या दिवशी गावांच्या नावांवर घेतला. गावात राहून बोलताना नुसतं 'जवळा' चालतं. एसटीच्या पाटीवर चालत नाही. ज्या नावाचं राज्य चार ओळींचं, ते आखूड असू द्या. जे नाव सगळ्या प्रोग्रॅमभर हिंडणार, त्याला पूर्ण पत्ता द्या. त्याच ओळी किती वेळा फिरल्या, म्हणजे लूप, मोजायला 'आय' घेतला म्हणून सर कधी रागावले नाहीत. उलट एका उत्साही मित्रानं लूपच्या मोजणीला अख्खं वाक्यच नाव म्हणून दिलं, तेव्हा ते म्हणाले, "टर्बो सी बत्तीस अक्षरांपर्यंतच नाव ओळखतं. तुझा खरा मुद्दा तेहतिसाव्यापासून सुरू होतो."

मुनीमजींचे प्रश्न सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले: कोणतं? कोणाचं? कशात मोजलेलं? पुढच्या बॅचेसना ते सरांचेच वाटत. सर दर वेळी सांगत की हे मोंढ्यातून आलेत.

तिसऱ्या प्रश्नाची किंमत किती, हे आम्हाला कळायच्या थोडंच आधी जगाला कळलं होतं. आमचा जिल्हा झाला त्याच वर्षी, २३ सप्टेंबर १९९९ ला, नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचून नाहीसं झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर धक्क्याचं मोजमाप पाउंड-सेकंदात देत होतं, आणि मार्ग ठरवणारे ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होते. दोन्हींत साडेचार पटीच्या आसपास फरक. नावात एकक घातलं असतं तर यान वाचलं असतं, असं म्हणणं फार सोपं होईल. चौकशीत तपासणीच्या, संवादाच्या आणखीही त्रुटी निघाल्या. पण आकड्याच्या डोक्यावर 'दर क्विंटल' लिहिल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस त्या साखळीत कुठेतरी हवा होता, एवढं मी मुनीमजींच्या बाजूनं म्हणेन. त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "भरपाई कोणी दिली?"

पुढे त्याच अडतीचं काम मला मिळालं, कॉम्प्युटरवर पट्ट्या काढायचं. माझी ती पहिली कमाई. वरवर पाहता प्रोग्रॅम माझा. पण त्यातलं एकही महत्त्वाचं नाव माझं नव्हतं. 'काटा वजन', 'बारदाना', 'निव्वळ', 'हमाली', 'तोलाई', सगळी लाल वहीतली. पैसे हाती आले तेव्हा मी त्यांच्यासाठी काही घेऊन गेलो, ते त्यांनी घेतलं नाही. त्यांची मागणी वेगळीच होती. पट्टीवरची अक्षरं मोठी कर, म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे, अन् रकान्यांची नावं वहीतलीच राहू दे, नाहीतर आपल्याला फसवलं असं त्याला वाटतं. दोन्ही केलं. त्या छपाईसाठी मला मूळ प्रोग्रॅमपेक्षा जास्त झटावं लागलं.

बऱ्याच वर्षांनी ते काम पुण्यातल्या एका मुलाकडे गेलं. त्याचा फोन आला: "सर, बारदाना म्हणजे काय?" त्याच्या प्रश्नात थोडी नाराजी होती, नावं इंग्रजीत द्यायला हवी होती असं त्याचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. मोजणी, बेरीज, यादी अशा सगळीकडे चालणाऱ्या गोष्टींना इंग्रजी नावं द्यावीत, त्या भाषेच्या लेखनात ती मिसळून जातात. पण ज्या व्यवहाराचा प्रोग्रॅम आहे त्या व्यवहाराचे शब्द त्याच माणसांचे असावेत. बारदान्याला इंग्रजीत शब्द आहे, तो मोंढ्यात कोणाला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर त्या मुलालाही नव्हता. दोघांनीही जो शब्द शोधावा लागेल असा, तो घेण्यात काय शहाणपण? त्याला मी बारदाना समजावला, दोन मिनिटं लागली. एक मात्र त्यानं बरोबर पकडलं: मी 'भाव' कुठे एका 'ए'नं लिहिला होता, कुठे दोननं. वसमत-बसमतचा दाखला त्याला ऐकवला.

आता काळ पालटलाय. २००८ च्या अखेरीस आलेल्या पायथन ३ मध्ये चलाचं नाव थेट देवनागरीत लिहिता येतं. 'निव्वळ_वजन_किलो' असं लिहिलं तर चालतं, आणि स्पेलिंगचा अर्धा घोळ मिटतो. अर्धा नवा सुरू होतो. 'शेतकऱ्याचे' हा शब्द घ्या. त्यातलं 'ऱ्या' काही कळपाट 'ऱ' घेऊन काढतात, काही साध्या 'र'ला एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पायथन पहिलं घेते, दुसरं नाकारते, आणि न दिसणाऱ्या चिन्हाबद्दल तक्रार करते. हिंगोलीच्या पोराला पहिल्याच दिवशी लागणारा शब्द नेमका हा! म्हणून नवशिक्यांना मी देवनागरी नावं सरावासाठी वापरू देतो, कामासाठी अजून नाही.

आणि आता तर औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी टिपायची वेधशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींचा खर्च मंजूर केला. या विषयातलं बरंच विश्लेषण पायथनमध्ये चालतं. तिथली नावं ठेवायची पद्धत कळली तेव्हा मला मुनीमजींची फार आठवण झाली. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली, तिचं नाव जीडब्ल्यू १५०९१४: काय आणि कोणत्या दिवसाचं, दोन्ही नावातच. पुढे यंत्रं सुधारली, एकाच दिवशी दोन लहरी सापडू शकतात हे ध्यानात आलं, तेव्हा तारखेपुढे तास-मिनिट-सेकंद जोडायची रीत पडली. म्हणजे डोंगरकड्यात दुसरा निघाला तेव्हा 'मळ्यातले' लिहिलं, तेच.

मुनीमजी हे पाहायला नव्हते. सर आहेत, क्लास बंद केलाय, पण जुन्या पोरांनी लिहिलेलं काही दाखवलं की अजूनही म्हणतात, मोठ्यानं वाच. त्यांची फी मी पुढच्याच हळदीला फेडली. बाकीचं फिटण्यातलं नाही, आणि ते फेडायला गेलेलं त्यांना आवडणारही नाही.

म्हणून मागणं त्यांच्याकडे नाही, आज जे शिकवताहेत त्यांच्याकडे आहे. हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीत, जिथे कुठे पोरं पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहीत असतील तिथल्या मास्तरांनी एवढं करावं: प्रॅक्टिकलच्या गुणांतले दोन गुण नावांसाठी बाजूला काढावेत, आणि ते स्वतः देऊ नयेत. ज्यानं तो प्रोग्रॅम लिहिलेला नाही अशा पोराला तो मोठ्यानं वाचायला लावावा, आणि तो अडला नाही तरच द्यावेत. आणि आकडे खरे आहेत का ते बघायला, जमेल तेव्हा, पोरांना मोंढ्यात पाठवावं.